आठवा दिवस

नस्तराचं टोक शकूच्या दंडाला टेकणार, तेवढ्यात आवडाबाईने आपला हात मध्ये घातला. गोविंदरावांनी नस्तर चटकन वर उचललं. नाहीतर त्या दिवशी लेकीऐवजी आईलाच टोचून झालं असतं.

“बाई, हात काढा.”

“काढते. पयले एक सांगा.”

माजिवड्याच्या चावडीपुढे चिंचेच्या सावलीत आठ-नऊ बायका आपापली पोरं घेऊन बसल्या होत्या. पोरं रडण्याच्या बेतात होती आणि बायका पळण्याच्या. गोविंदरावांच्या शेजारी कळव्याची तुळसा बसली होती, मांडीवर तिचा वर्षाचा मुलगा. त्याच्या दंडावर आठ दिवसांपूर्वी टोचलेल्या जागी मोठा मोत्यासारखा फोड आला होता आणि त्या फोडातलं पाणी आता नस्तराच्या टोकावर होतं. ते पाणी म्हणजेच देवीची लस. एका पोराच्या दंडावरून काढायची, दुसऱ्याच्या दंडावर टोचायची आणि आठ दिवसांनी त्याच्या फोडातून काढून पुढच्या गावी न्यायची, अशी ती हातोहात खाडीकाठाने फिरत होती. मध्ये एका गावी खंड पडला की सगळंच खुंटायचं. शिवाय नस्तरावरचं पाणी वाळायला फार वेळ लागत नाही, त्यामुळे गोविंदरावांना घाई होती.

“विचारा लवकर.”

“हिला तर देवी आलीच नाय,” आवडाबाई मांडीवरच्या शकूकडे बघत म्हणाली. “तुमी टोचल्यावर पुढं कदी येनार पन नाय, असा म्हनता. मंग हिच्या आंगाला कसा कलनार, का आली ती देवीच हाय आनि तिला दारातनंच परत धाडायची हाय?”

गोविंदरावांना सरकारच्या देवी टोचायच्या खात्यात एकोणीस वर्षं झाली होती. लोक त्यांना तोंडावर ‘राव’ म्हणत आणि पाठ वळली की ‘टोच्या’. डोक्याला पागोटं, काखेत छत्री, खांद्याला कातड्याची पिशवी, असा हा माणूस बांधावरून येताना दिसला की गावातली पोरं भाताच्या कणग्यांमागे दडत. हरकत घेणाऱ्यांसाठी त्यांच्याजवळ काही उत्तरं कायमची तयार असत. त्यांतलं पहिलं त्यांनी काढलं.

“सरकारचा हुकूम आहे.”

“हुकूम आमाला हाय का देवीला?”

बायका पदराआड हसल्या. गोविंदरावांनी दुसरं काढलं.

“अहो, मूळचं हे गाईच्या अंगावरचं पाणी. गोमातेची पुण्याई. देवी तिचा मान राखते.”

“मंग गाईचा दूध पितात त्यांना कशी येते? आनि मुंबईत म्हशीच्या पारड्यांवरनं पन काढतात म्हने.”

हे तिला कुणी सांगितलं होतं देव जाणे, पण बातमी खरी होती. चावडीच्या पायरीवर बसलेला दगडू पाटील मध्ये पडला.

“आवडे, गप बस. राव, तुमी टोचा हो. हिचा असाच हाय. मिठागरात पानी उन्हानं आटतं, तं म्हने पानी वर जातं आनि मीठ खाली का रातं? आता हे काय इचारायचा झाला? मीठ खाली रातं म्हनून तं आपन जेवतो!”

आता पुरुषही हसले. आवडाबाई हसली नाही आणि रागावलीही नाही. नवरा भिवा आणि ती मिठागरात राबत, आणि तिथे असं हसणं तिच्या रोजच्या वाट्याला येत असावं. तिने हात मात्र हलवला नाही. तुळसाचं पोर कुरकुरायला लागलं. गोविंदरावांनी तिसरं उत्तर काढलं, जे सहसा वाया जात नसे.

“हे देवीचंच पाणी समजा. थोडक्यात तिचा मान केला की ती समाधान पावते, मोठा फेरा घालत नाही.”

आवडाबाईने मान वर केली. तेव्हा कुठे गोविंदरावांनी तिचा चेहरा नीट पाहिला. कपाळापासून हनुवटीपर्यंत देवीचे वण होते.

“मना पन पाच वर्सांची असताना मोठी देवी झाली,” ती म्हणाली. “मी जगले. मंग माज्या दोन पोरांना आली, एकाच फाल्गुनात. घरात फोडनी घातली नाय, दाराला निंबाचा डहाला लावला, परक्या मानसाला उंबरा ओलांडू दिला नाय. दोघांना मांडीवर घेऊन बसले, त्यांचे फोड ह्या हातांनी पुसले. दोघं गेली. मना तिनं परत हात पन नाय लावला. मधी ईस वर्सं गेली होती राव. मी इसरून गेलते. आंग इसरला नव्हता. कसा आठवतं आंगाला? कुठं ठेवतं ते? येवढाच इचारते.”

चिंचेखाली कुणी हसलं नाही. दगडू पाटील पायातल्या वहाणेकडे बघत राहिला.

गोविंदरावांचं चौथं उत्तर ओठांवर तयार होतं. ‘देवीची मर्जी’ म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नसे. त्यांनी तोंड उघडलं आणि त्यांना स्वतःलाच नवल वाटावं असे शब्द बाहेर आले.

“मला माहीत नाही.”

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. सरकारी माणसाच्या तोंडून त्यांनी हे कधी ऐकलं नव्हतं.

“बहुतेक कुणालाच माहीत नसावं,” गोविंदराव म्हणाले. “ज्या साहेबाच्या हाताखाली मी शिकलो, त्याला मी हेच विचारलं होतं. इतक्या लहान फोडाने जन्मभराचं काम कसं होतं म्हणून.”

“मंग तो काय बोल्ला?”

“टोचायला शीक म्हणाला.”

आवडाबाईने हात बाजूला घेतला आणि शकूचा दंड स्वतःच धरून पुढे केला.

“टोचा आता,” ती म्हणाली. “एकाच गोष्टीचे तीन-तीन जबाब देत होतात, तवर पोर तुमच्या हातात द्यायाचा भ्या वाटत होता.”

नस्तरावरचं पाणी वाळून गेलं होतं. गोविंदरावांनी तुळसाच्या पोराच्या फोडातून पुन्हा एक थेंब घेतला आणि शकूच्या दंडावर बारीक चार ओरखडे काढले. शकूने आधी आ वासला, मग गावाने ऐकावं असा टाहो फोडला. तिच्यामागून बाकीच्या बायका मुकाट्याने पुढे सरकल्या. त्या दिवशी माजिवड्यात नऊ पोरं टोचून झाली. इतकी पोरं तिथे एका दिवसात कधी टोचून झाली नव्हती.

पुढचे आठ दिवस गोविंदरावांचा जीव थाऱ्यावर नव्हता. कल्याणकडून देवीच्या साथीची बातमी आली होती. ती ठाण्याच्या बाजूला सरकायच्या आत बाळकुम, कोलशेत आणि वरची गावं उरकायची होती. पण त्यांच्या डोक्यात राहून राहून वेगळंच काहीतरी घोळत होतं. ठाण्यात कोर्टाच्या बाजूने घरी परतताना ते रस्त्यात मध्येच थांबत आणि स्वतःचा दंड चाचपून बघत. त्यांनाही लहानपणी टोचलेलं होतं. बायकोने विचारलं, दुखतंय का, तर म्हणाले, नाही गं, आठवतंय का ते बघतो. तिने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

आठव्या दिवशी सकाळी ते माजिवड्याला पोचले, तर गावात पोर दिसेना. त्या एका दिवशी माजिवड्यातल्या यच्चयावत पोरांना आजोळची आठवण झाली होती. कुणी खाडीपलीकडे गेलं होतं, कुणी येऊरच्या पायथ्याशी. यात नवीन काही नव्हतं. टोचून घ्यायला बायका एक वेळ तयार होत, पण फोडातलं पाणी काढू द्यायला नाही. पाणी गेलं की त्यातली देवीची कृपाही गेली आणि पोर उघडं पडलं, अशी पक्की समजूत होती. दरवेळी दोन-तीन पोरं सापडत आणि काम भागे. यावेळी दगडू पाटलाने हात वर केले.

“आवडी तेवढी हाय घरी. ती कुठं जानार? तिला तुमाला काय तरी इचारायचा असंल.”

आवडाबाई ओसरीवर बसली होती. मांडीवर शकू, आणि मागच्या कुडाच्या भिंतीवर कोळशाने काढलेल्या खुणांची एक ओळ. गोविंदराव पिशवी उतरवता उतरवता थांबले.

“हे काय?”

“हिचा फोड. रोज सकाली बघायची आनि तेवढाच काढायची.”

गोविंदराव भिंतीजवळ गेले. पहिल्या दोन दिवसांच्या जागी नुसत्या रेघा होत्या. तिसऱ्या दिवशी तिळाएवढा ठिपका. पाचव्या दिवसापासून लहानशी गोल टिकली, आणि तिच्या मध्यभागी एक बारकं टिंब.

“हे मधलं काय?”

“खलगा. बेंबीवानी. कडंनं फुगतं आनि मधी दबतं. मना वाटला बिगाडला. पन रोज मोठाच होत गेला.” तिने शकूचा दंड वळवून दाखवला. “तुमी तर एवढी पोरं टोचलीत, तुमाला ठावं असंल.”

गोविंदरावांना ठाऊक नव्हतं. हजारो पोरं त्यांच्या हाताखालून गेली, पण ती पहिल्या दिवशी आणि आठव्या दिवशी. मधले दिवस त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. ते बराच वेळ त्या भिंतीपुढे उभे राहिले. एक-एक खूण बोट न लावता, नुसतं बोट जवळ नेऊन बघत होते. पंचेचाळिशी उलटलेला हा माणूस त्या वेळी शाळेत पहिल्यांदा नकाशा पाहणाऱ्या पोरासारखा दिसत होता आणि त्याला त्याचं भान नव्हतं.

“आता पानी काढनार?” आवडाबाईने मागून विचारलं.

“तुम्ही दिलंत तर.”

“काढल्यावर हिच्याजवल काय उरंल?”

‘काही होत नाही हो’ हे उत्तर इतकं सवयीचं होतं की ते अर्धं बाहेर आलंही. गोविंदरावांनी ते तिथेच गिळलं.

“मला तरी वाटतं, जे व्हायचं ते अंगात होऊन गेलेलं असतं. पाणी काढल्याने जात नसावं.”

“वाटतं का बघितलात? ज्यांचा पानी काढला त्या पोरांना पुढं देवी आली का नाय आली?”

गोविंदराव ओसरीच्या कडेवर टेकले.

“मी कधी परत जाऊन विचारलं नाही.”

“येकोनीस वर्सांत?”

“एकोणीस वर्षांत.”

तिच्या नजरेत दोष नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, आणि गोविंदरावांना तेच जास्त लागलं. मग त्यांनी तिला सगळं सरळ सांगितलं. गावात दुसरं पोर नाही. आज शकूच्या दंडावरून पाणी मिळालं नाही तर लस इथेच तुटेल. नवी मागवायला अर्ज, मग वाट बघणं, तोवर देवी बाळकुमात शिरलेली असेल. हे ऐकून तुम्ही दबावं म्हणून सांगत नाही, असंही ते म्हणाले.

आवडाबाई शकूच्या जावळातून बोटं फिरवत राहिली.

“म्हंजे इरजनासारखा हाय,” ती म्हणाली. “एकीनं दुसरीला द्यायाचा. कोनीच दिला नाय तर गावात दही नाय.”

“तसंच.”

“मंग पयला इरजन कुठनं आला?”

“विलायतेतल्या एका गाईपासून, म्हणतात.”

“आनि त्या गाईला कोनी लावला?”

गोविंदराव हसले. पुष्कळ दिवसांनी असे मोकळे हसले. आवडाबाईही हसली, पण तिचा हात पोरीच्या दंडावरच होता. हसणं ओसरल्यावर तिने आपला निर्णय सांगितला. ती शकूला घेऊन बाळकुमला बरोबर येईल. तिथे गोविंदरावांनी आधी विचारायचं, पूर्वी टोचलेल्या पोरांचं काय झालं म्हणून. जबाब चांगला आला तर तिथेच शकूचा फोड उघडायचा. वाईट आला तर ती पोरीला घेऊन आली तशी परत जाईल.

“माजी दोन गेली राव,” ती उठता उठता म्हणाली. “ही तिसरी हाय.”

गोविंदरावांनी पिशवी खांद्याला लावली. त्यांना पहिल्यांदाच एखाद्या गावाची भीती वाटत होती.

बाळकुमला विहिरीजवळच्या मोकळ्या जागेत बायका जमल्या. टोचणाऱ्याबरोबर एक बाई आपण होऊन पोर घेऊन चालत आली आहे, हे बघायलाच निम्म्या आल्या असाव्यात. गोविंदरावांनी पिशवीतून वही काढली, नस्तराची डबी काढली आणि ती न उघडता मांडीवर ठेवली.

“मी या गावात पूर्वी पुष्कळ पोरं टोचलीत,” ते म्हणाले. “त्यांना पुढे देवी आली का? आठव्या दिवशी ज्यांचं पाणी काढलं, त्यांचं काय झालं? मला कुणी सांगेल का?”

हा नवा काय डाव आहे, अशा नजरेने सगळ्या बघत राहिल्या. शेवटी एक दांडगा जवान पुढे आला आणि त्याने बाही सारून दंड दाखवला. त्यावर जुना, पांढुरका, रुपयाएवढा वण होता.

“हा तुमचाच. तीन वर्सांपूर्वी देवी आली तवा माजा थोरला भाऊस गेला. त्याला टोचला नव्हता. मी त्याच्या बाजूलाच झोपायचो. मना काय नाय झाला.”

“आणि तुझं पाणी काढलं होतं?”

“काढला होता,” त्याच्या आईने मागून सांगितलं. “मी चार दिस रडत होते.”

मग बायकांच्या जिभा सुटल्या. एकीने भाचीचं सांगितलं, दुसरीने दिराच्या मुलाचं. सहा जणांची नावं झाली. सहाही जणांचं पाणी काढलेलं होतं आणि सहाही जण देवीच्या फेऱ्यातून सुटले होते. गोविंदराव प्रत्येकाचा दंड हातात घेऊन बघत होते. त्यांचा चेहरा उजळत चालला होता. आवडाबाई दर नावागणिक बोट मुडपत होती. सहावं बोट मुडपल्यावर तिने शकूला सावरून पुढे घेतलं. गोविंदरावांनी डबी उघडून नस्तर काढलं.

“माज्या गोदाचा नाय इचारलात,” कुणीतरी मागून म्हणालं.

बायका बाजूला झाल्या. विहिरीच्या काठाला टेकून गंगुबाई उभी होती. तिशीची असेल. कडेवर दीड वर्षाची मुलगी होती.

“सा वर्सांपूर्वी तुमीच टोचली तिला. ह्याच जागेवर. मंग तीन वर्सांपूर्वी देवी आली आनि घेऊन गेली. टोचली होती, तरी आली कशी? तीन वर्सं मनात घेऊन हाय मी. कोनाला इचारू?”

आवडाबाईने शकूचा दंड पदराखाली घेतला. ती गोविंदरावांकडे बघत होती. सगळ्याच बघत होत्या.

देवीची मर्जी. एवढं म्हटलं असतं तरी सगळ्यांनी ऐकून घेतलं असतं. गंगुबाईनेही ऐकून घेतलं असतं, कारण तीन वर्षं गाव तिला तेच सांगत होतं. गोविंदरावांनी नस्तर पुन्हा डबीत ठेवलं.

“बाई, पाणी काढलं होतं का तिचं?”

“नाय. आठव्या दिशी मी तिला माळ्यावर लपवली होती.”

“फोड कसा होता?”

“फोड नव्हताच. नुसते ओरखडे होते, ते पन सुकून गेलेले. मना वाटला, बरा झाला. काढायला पानीच नाय तर तुमी कशाला तिला हात लावाल? पन म्हनलं, उगा नको, म्हनून लपवली.”

गोविंदरावांनी डोळे मिटून घेतले. त्यांना तो दिवस आठवत होता. ऊन फार होतं आणि संध्याकाळच्या आत कोलशेत गाठायचं होतं. दारात गंगुबाईचा नवरा उभा होता. पोर मामाकडे गेलीय, बरी हाय, असं तो म्हणाला होता. गोविंदरावांनी घरात डोकावलंही नव्हतं. उंबऱ्याबाहेर उभ्या-उभ्याच त्यांनी वहीत गोदाच्या नावापुढचा शेवटचा रकाना भरला होता.

“टोचलेलं कधी कधी लागत नाही,” ते म्हणाले. “फोड आला नाही म्हणजे लस लागली नाही. अशा पोराला पुन्हा टोचायचं असतं. आठव्या दिवशी मी येतो तो नुसता पाणी न्यायला नाही, हे बघायलाही येतो. तुमच्या गोदाला मी पाहिलं नाही. न पाहताच वहीत लिहिलं, ‘उठली’, म्हणजे फोड आला.”

विहिरीवरचा रहाट कुणीतरी हाताने धरून थांबवला. गंगुबाईचे ओठ हलत होते. ती आता शिव्या देईल, असं गोविंदरावांना वाटलं, आणि द्याव्यात असंही वाटलं.

“म्हंजे,” गंगुबाई म्हणाली, “मी लपवली म्हनून गेली ती.”

तेव्हा गोविंदरावांना कळलं, की ही बाई तीन वर्षं देवीला विचारतच नव्हती. ती स्वतःला विचारत होती, आणि जबाब तिने स्वतःच देऊन टाकला होता. ते उठले. पागोटं सरकलं होतं ते तसंच राहिलं. तिच्यापासून चार हातांवर जाऊन उभे राहिले.

“नाही बाई. आया पोरांना लपवतातच. एकोणीस वर्षं मी बघतो आहे. शोधायचं काम माझं होतं. आत येऊन मी एक शब्द विचारायला हवा होता. तो मी विचारला नाही.”

गंगुबाईने कडेवरच्या मुलीच्या खांद्यावर तोंड टेकलं. तिचं रडणं ऐकू येत नव्हतं, नुसती पाठ हलत होती. कुणी तिला गप्प केलं नाही. आवडाबाई जाऊन तिच्याजवळ उभी राहिली. शकूचा पाय त्या मुलीच्या पायाला लागत होता, इतकी जवळ उभी राहिली.

गोविंदराव परत आपल्या जागी येऊन बसले. डबी पिशवीत ठेवावी की काय, ते त्यांना समजेना. आता इथे कोण पोर पुढे करणार? आणि आवडाबाईने का थांबावं? ऊन चढत होतं. त्यांनी वहीला दोरी गुंडाळायला घेतली.

पुढे सावली पडली म्हणून त्यांनी वर पाहिलं. गंगुबाई समोर बसली होती आणि मांडीवरच्या पोरीचं झबलं सारून तिचा दंड मोकळा करत होती. तिच्या बाजूला आवडाबाई बसली होती. तिने पदर सरकवला आणि शकूचा हात पुढे धरला. फोड टपोरा, भरलेला होता.

“आठव्या दिशी येनार?” गंगुबाईने विचारलं. तिचे डोळे अजून ओले होते.

“येईन.”

“आनि फोड नाय आला तर?”

“पुन्हा टोचीन. आणि पुन्हा आठ दिवसांनी येईन.”

“मी लपवली तर?”

“माळ्यावर चढेन.”

तिच्या तोंडावर हसू आलं नाही, पण तिने पोरीला घट्ट धरलं. शकूच्या फोडातून थेंब निघाला. शकू या वेळी रडली नाही, टक लावून आपल्याच दंडाकडे बघत राहिली. गंगुबाईच्या पोरीने मात्र सगळ्या बाळकुमाला ऐकू जाईल इतका गळा काढला. काम झाल्यावर गोविंदरावांनी नस्तर पुसलं, वही उघडली आणि टाक शाईत बुडवला.

“नाव काय हिचं?”

“गोदा,” गंगुबाई म्हणाली. “हिचा पन गोदाच ठेवलाय.”

गोविंदरावांचा हात क्षणभर कागदावर थांबला. मग त्यांनी ठळक अक्षरात नाव लिहिलं, बापाचं लिहिलं, गावाचं लिहिलं, तिथी लिहिली. शेवटचा रकाना त्यांनी कोरा ठेवला.